एका पायाचा कुरव

ही गोष्ट मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेली नाही. घरात नाही, मित्रांत नाही, देवापुढे उभं राहूनसुद्धा नाही. देवाला माहीतच असेल, असं म्हणून मी तिथूनही निसटत आलो. आता लिहायला बसलो आहे तर पहिल्या वाक्यानंतर दोनदा उठून चहा करून झाला. काय होतं एवढं? कुणाचा जीव गेला नाही. कुणाची जमीन बळकावली गेली नाही. एका पक्ष्याविषयी मी एकदा काहीतरी बोललो, आणि पुढे काही आठवड्यांनी त्याच पक्ष्याविषयी पुन्हा बोललो. पहिलं बोलणं खोटं होतं, दुसरं खरं. आणि मला छळतं ते — पण थांबा. असं एकदम नको. मला ते जमणार नाही.

आधी पक्ष्याबद्दल सांगतो. पक्ष्यांबद्दल बोलणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

पाऊस संपून दर्या निवळला की आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर कुरव येतात. पांढरे, राखी पाठीचे, लालसर पायांचे. ते हिमालयापलीकडच्या तळ्यांवरून येतात हे मला कॉलेजात कळलं. आमच्या घरी त्यांना वेगळं नाव नव्हतं. आई म्हणायची, "धवे पक्षी इले" — पांढरे पक्षी आले — आणि वाळत घातलेल्या मासळीवर जुनं जाळं टाकायची. पण हे धवे पक्षी सगळे एका जातीचे नसतात, आणि हिवाळ्यात त्यांना निराळं ओळखणं फार फसवं असतं. आमच्याकडे बहुतेक येतो तो तपकिरी डोक्याचा कुरव. नाव तपकिरी डोक्याचा, पण सगळा हिवाळा डोकं पांढरं! फक्त कानापाशी एक काळपट डाग, काजळाचं बोट पुसल्यासारखा. पंखांची टोकं काळी, आणि त्या काळ्यात पांढरा ठिपका. त्या ठिपक्याला शाळेतले माझे गुरुजी कवडी म्हणत.

आणि दुसरा एक असतो, बारीक चोचीचा कुरव. अंगाने साधारण तेवढाच. डोळा दोघांचाही फिकट, म्हणजे डोळ्यावरून काही ठरत नाही. पण याची चोच लांब, कपाळ उतरतं, मान जरा पुढे काढलेली. कानापाशी डाग जवळजवळ नसतोच. पंखात कवडी नसते. आणि याचं डोकं कुठल्याच ऋतूत रंगत नाही. तो वर कच्छ-सिंधकडे असतो. आमच्या किनाऱ्यावर तो कुणी पाहिल्याचं त्या काळी आमच्या ऐकिवात नव्हतं.

डाग आणि कवडी. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

आता गुरुजी. त्यांच्याबद्दल लिहिताना हात अडतो, पण त्यांच्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आमच्या घराण्यात अक्षरओळख झालेला मी पहिला. वडील गलबतावर खलाशी. मंगळूरची कौलं, कधी नारळ, असा माल घेऊन ते किनाऱ्या-किनाऱ्याने जात. मी चौथी पास झालो आणि त्यांनी मला गलबतावर न्यायचं ठरवलं. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. सगळ्यांची मुलं जात होती. तेव्हा गुरुजी आमच्याकडे आले. वडील वाळूत बसून शीड शिवत होते, त्यांच्यासमोर गुरुजी धोतर आवरून वाळूतच बसले.

"ह्याका दर्यार न्हेव नको. माका दी," ते म्हणाले.

"आणि माका खलाशी कोण दितलो?"

"खलाशी दर्यो दितलो तुका. असो पोरगो माका खंयसून गावतलो?" — असा मुलगा मला कुठून मिळणार?

वडील हसले. दोरा दाताने तोडून म्हणाले, "न्हे तर. पण परत दिशीत तो कामाचो रवाचो नाय." म्हणजे, ने, पण तू परत देशील तेव्हा तो आमच्या कामाचा उरणार नाही. वडिलांचं ते बोलणं किती खरं ठरलं याचा विचार मी पुढे पुष्कळदा केला आहे.

मॅट्रिकपर्यंत गुरुजींनी शिकवलं. कोल्हापूरच्या कॉलेजात घालायलाही तेच आले. फोंडा घाटात एस.टी.त मला सारखं ओकायला होत होतं आणि गुरुजी माझं डोकं मांडीवर घेऊन खिडकीबाहेरच्या झाडांची नावं सांगत होते. प्राणिशास्त्र घेऊन मी पदवीधर झालो. आमच्या वाडीतला पहिला. निकालाच्या दिवशी आईने गुरुजींच्या पायांवर डोकं ठेवलं. मला म्हणाली, "सदा, ह्या माणसाक कधी इसरा नको." मी विसरलो नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं.

गुरुजींना पक्ष्यांचा नाद होता. बदली झालेल्या कुणा अधिकाऱ्याने मागे ठेवलेलं चित्रांचं एक इंग्रजी पुस्तक, आणि फौजेतून परतलेल्या चुलतभावाने दिलेली एक जड दुर्बीण, एवढं त्यांचं भांडवल. बायको लवकर गेली, मूल नव्हतं. शाळा सुटली की किनारा. मुंबईच्या एका संस्थेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. पक्ष्यांच्या पायांत बारीक कडी घालून सोडायची, मग ती कडी जिथे सापडेल तिथून पक्ष्याचा प्रवास कळतो — हे काम ती संस्था तेव्हा करू लागली होती. आमच्या किनाऱ्यावर तसं एक केंद्र काढायचं, आणि ते गुरुजींनी सांभाळायचं, असं बोलणं सुरू झालं होतं. त्याच वर्षी गुरुजी निवृत्त होणार होते. त्यांनी घरामागची पडवी रिकामी केली, चुना काढला, जाळी टांगायला भिंतीत खुंट्या ठोकल्या. शाळेनंतर काय, हा प्रश्न त्या माणसाला उरलाच नव्हता. पडवी दाखवताना ते नव्या सुनेला घर दाखवावं तसे हळू बोलत.

पण एक अडचण होती. ती फक्त मला माहीत होती.

त्यांना दिसेनासं झालं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी कोल्हापूरहून परतून त्याच शाळेत तात्पुरता शिक्षक झालो होतो. एकदा किनाऱ्यावर त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सदा, तू बघ, मी लिवतंय." मला वाटलं कौतुक करताहेत. मग ते खाली बघत म्हणाले, "ह्या कोणाक सांगा नको. एकदा केंद्र सुरू होवंदे, मगे मिरजेक जावन डोळे करून येतंय." तेव्हापासून तशीच रीत पडली. मी बघायचं, सांगायचं. ते विचारायचे, पडताळायचे, लिहायचे. त्यांना आकार कळे, उडण्याची ढब कळे, आवाजावरून तर जात सांगत. पण डाग, ठिपके, चोचीचा रंग — ते माझ्याकडून. मुंबईला गेलेल्या पत्रांवर सही त्यांची असे. नजर माझी असे.

हे दोघांनाच माहीत होतं. पुढे काय झालं ते समजायला हे लक्षात असू द्या.

तो डिसेंबर होता. सकाळी किनाऱ्यावर रापण ओढली जात होती. ज्यांना रापण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: होडीने मोठं जाळं दर्यात अर्धगोल टाकतात, त्याच्या दोन दोऱ्या किनाऱ्यावर येतात, आणि माणसांच्या दोन रांगा त्या ओढत जाळं बाहेर आणतात. आमच्याकडची रीत अशी की रापण वर येताना जो कोणी तिथे असेल त्याने दोरीला हात लावायचा. वाटेने जाणाऱ्यानेसुद्धा. हात लावला त्याला मूठभर मासळी मिळते. पण मासळीसाठी कुणी लावत नाही. रापण वर येत असताना हात मागे बांधून उभा राहणारा माणूस आमच्याकडे माणसांत धरत नाहीत.

आणि नेमके तेव्हाच कुरव सगळ्यांत जवळ येतात. जाळं उथळ पाण्यात आलं, मासे तडफडू लागले की डोक्यांवरून घिरट्या घालतात. बघायला यासारखी वेळ नाही.

मी दुर्बीण घेऊन उभा होतो. गुरुजी माझ्या शेजारी. भिवाकाका, रापणीचा म्होरक्या, दोरी ओढता ओढता ओरडला, "काय रे बीएस्सी! हात लाव, पाटलोन मळाची नाय तुझी!"

रांगेतली माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "तेका काय सांगतस, तो आता मास्तरांचो झिल." — तो आता मास्तरांचा मुलगा. त्या रांगेत माझे वडीलही होते. ते हसले नाहीत. वरही बघितलं नाही.

मी दुर्बीण गुरुजींच्या गळ्यात घातली आणि दोरी धरली. का? रीत म्हणून? वडिलांसाठी? की त्या हसण्याला भिऊन? मला वाटतं, भिऊनच.

जाळं वर आलं. कुरवांचा नुसता गलका झाला. आणि गुरुजींचा आवाज आला, इतका वेगळा की मला अजून ऐकू येतो — "सदा! तो बघ! एक पाय नसलेलो! मान बघ तेची, मान लांब आसा!"

मी मान वर केली. खारट पाणी डोळ्यांत गेलेलं, हातात दोरी ताणलेली, आणि दोरी सोडली तर मागच्यांवर भार येतो. एक पांढरा पक्षी माझ्यावरून गेला. एक पाय लोंबत होता, दुसरा नव्हता. बाकी? बाकी मला काहीही दिसलं नाही. पक्षी लाटांपलीकडे जाऊन इतरांत मिसळला.

दोरी सोडून मी गुरुजींकडे आलो. त्यांनी लगेच विचारलं,

"कानाकडे डाग होतो?"

मी म्हणालो, "नाय."

"पखात कवडी?"

"नाय."

"सारखा बघितलंस?" — म्हणजे, नीट पाहिलंस ना?

"सारखा बघितलंय."

झालं. एवढंच ते खोटं. त्यात ना काही योजना होती, ना लोभ. मग मी ते का बोललो? "मी दोरी ओढत होतो, मला दिसलं नाही," हे साधं वाक्य मला का जमलं नाही? तुम्ही म्हणाल, गुरुजींचा आनंद मोडवेना म्हणून. मीही कित्येक वर्षं स्वतःला हेच सांगितलं. पण ते तसं नाही. ज्या एका कामासाठी त्यांना मी हवा होतो, ते काम मी एका टोमण्यासाठी सोडलं, हे मला त्यांच्यापुढे कबूल करायचं नव्हतं. मी ते झाकलं. माझ्या खोट्याचा उगम त्यांच्यावरच्या प्रेमात नाही, माझ्या लाजेत आहे.

गुरुजींनी आठ-दहा दिवस थांबायचं ठरवलं. पुन्हा दिसला तर बघू म्हणाले. मी म्हणालो, तेवढ्यात दुसऱ्या कुणी मुंबईला कळवलं तर? हे मी म्हणालो. मीच. पत्र दुसऱ्या दिवशी गेलं. बारीक चोचीचा कुरव आम्ही दोघांनी पाहिला, असं त्यात लिहिलेलं होतं.

आणि आठवड्याच्या आत मला तो पक्षी दिसला. एकटाच गेलो होतो. वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीच्या उलांडीवर, बाजूला बांधलेल्या आडव्या लाकडावर, तो एका पायावर बसला होता, माझ्यापासून फार तर वीस पावलांवर. कानापाशी डाग. स्वच्छ, काजळासारखा. त्याने पंख ताणला, आणि काळ्या टोकात कवडी. आमचा नेहमीचा, रोजचा, घरचा तपकिरी डोक्याचा कुरव. मान लांब वाटली असेल ती दर्यावर भरारताना पुढे काढलेली म्हणून.



सरळ गुरुजींकडे जायचं, सांगायचं, दुसरं पत्र टाकायचं — किती सोपं होतं! गुरुजी रागावलेही नसते. त्यांच्या घराच्या बेड्यापर्यंत, कुंपणाच्या फाटकापर्यंत, मी गेलो. आतून ठोकण्याचा आवाज येत होता. ते पडवीत आणखी एक खुंटी बसवत होते. मी परत फिरलो. उद्या सांगू म्हटलं. मग परवा. मग मुंबईहून उत्तर आलं की संस्थेचे एक जाणकार साहेब बोटीने येताहेत. कुरव बघायला, आणि केंद्राची जागाही नक्की करायला. गुरुजींनी ते पत्र मला तीनदा वाचायला लावलं. त्यांना ती बारीक अक्षरं वाचता येत नव्हती ना.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगताना आजही हसू येतं आणि लगेच ओशाळायला होतं. मी रोज पहाटे किनाऱ्यावर जाऊन त्या पक्ष्याला हाकलू लागलो. दगड मारले. शिंपल्या मारल्या. मनात म्हणायचो, जा बाबा, देवगडला जा, वेंगुर्ल्याला जा, मर कुठेतरी. तो उडायचा, अर्धी चक्कर मारायचा आणि पुन्हा त्याच होडीवर येऊन बसायचा. एका पायाच्या पक्ष्याला रापणीशिवाय सोपं अन्न कुठे मिळणार? एकदा भिवाकाकाने मला पकडलं. कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"बीएस्सी शिकान ह्या शिकलस? पक्ष्यांका धोंडे मारूक?" आणि जाता जाता, "आमी ता न शिकताच मारीत होतो."

त्यात आणखी एक भीती. फेब्रुवारी सरत आला होता. तपकिरी डोक्याच्या कुरवांची डोकी आता रंगायला लागतात. शाई सांडल्यासारखा रंग चोचीकडून मागे पसरतो. त्या एका पायाच्या कुरवाचा चेहरा दिवसेंदिवस तपकिरी होत होता. आता त्याला ओळखायला दुर्बीण लागणार नव्हती. कुणालाही दिसलं असतं. गुरुजी सोडून कुणालाही.

साहेब आले. बोट खोल पाण्यात थांबली, ते पडावातून धक्क्यावर उतरले. उंच, शांत, कॅनव्हासची टोपी. वाईट माणूस नव्हता, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. गुरुजींनी धुवट कोट घातला होता. वाटेत साहेबांनी माझी चौकशी केली आणि सहज म्हणाले, "मुंबईत आमच्याकडे प्राणिशास्त्राच्या पदवीधराची एक जागा निघते आहे. तुम्ही अर्ज करा." मी हो म्हणालो.  रात्रभर मी मनाशी एकच वाक्य घोकलं होतं: साहेब, चूक माझी आहे.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा रापण नुकतीच संपली होती. एका पायाचा कुरव आपल्या होडीवर बसला होता. साहेबांनी दुर्बीण लावली आणि लगेच खाली घेतली. एवढंच लागलं.

 मग माझ्याकडे वळून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "पत्रात लिहिलंय, डाग नव्हता, पंखात ठिपका नव्हता. तुम्ही स्वतः पाहिलंत?"

गुरुजी माझ्याकडे बघत होते. त्यांना माझा चेहरा स्पष्ट दिसत नसणार. पण ते बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर काळजी नव्हती. 'सांग रे,' असंच होतं.

मी म्हणालो, "नाही सर. मी त्या वेळी रापणीची दोरी ओढत होतो. मला नीट दिसलं नाही."

बघा — यातला एक शब्द तरी खोटा आहे? त्या पक्ष्याविषयी मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य. मी ते नेमकं तेव्हा बोललो जेव्हा त्याचा अर्थ एकच होत होता: पाहिलं ते गुरुजींनी. आणि गुरुजींना काही दिसत नाही हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

 गुरुजी दर्याच्या दिशेला तोंड करून उभे राहिले. मग शुद्ध मराठीत, वर्गात बोलत तसं, म्हणाले, "मीच पाहिलं. चूक माझी आहे."

माझं वाक्य. मी रात्रभर घोकलेलं वाक्य त्यांनी उच्चारलं.

साहेब त्यांच्याकडे निरखून पाहू लागले. डोळ्यांतला पांढुरका पडदा त्यांच्या लक्षात आला असावा. त्यांनी अगदी सौम्यपणे, जणू गप्पा म्हणून, पलीकडे बोट दाखवलं. "गुरुजी, ते तिथे बांबूवर बसलेत, ते कोणते?"

गुरुजींनी डोळे बारीक केले. "कुरवच," ते म्हणाले. "पाच-सहा असतील."

भिवाकाका जाळं झटकत होता. त्याला काय चाललंय ते कुठे माहीत होतं? त्याने मोकळेपणाने हाक दिली, "मास्तरांनू, ते बोये! जाळ्याचे बोये वाळत घातलंय. ते उडाचे नाय!" बोये म्हणजे जाळं पाण्यावर तरतं ठेवणारे ठोकळे.

सगळे हसले. गुरुजीही हसले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा कधी पाहायला मिळालं नाही.

पडवी बघायला साहेब आले, पण उंबऱ्याशीच थांबले. केंद्र पुढे दुसरीकडे कुठेतरी निघालं. गुरुजींनी आधी कळवलेल्या नोंदीही संस्थेने बाजूला ठेवल्या, असं मला नंतर समजलं. त्यात काय चूक? ज्याला दिसत नाही त्याच्या नोंदी कोण धरणार? त्यातल्या कितीतरी मी नीट पाहून, अगदी खऱ्या सांगितल्या होत्या. त्या माझ्या होत्या, हे सांगायलाही मी पुढे झालो नाही.

धक्क्यावर निरोप देताना साहेबांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, "न दिसलेलं दिसलं नाही असं सांगणारी माणसं आमच्या कामात कमी असतात." मला ती जागा मिळाली.

मी निघालो त्या दिवशी गुरुजी धक्क्यावर आले. साहेबांविषयी, कुरवाविषयी अवाक्षर नाही. दुर्बीण कापडात गुंडाळून आणली होती. "घे. माझ्याकडे नुसती पडान रवतली," एवढंच म्हणाले. मी घेतली. कशी घेतली? हात कसा पुढे झाला? पण झाला.

त्यांना माझं खोटं कळलं होतं का? मला वाटतं, त्या क्षणी कळलं. मग त्यांनी मला का वाचवलं, की वाचवलं नाही, नुसतं स्वतःच्या शिष्यापुढे वाद घालणं त्यांना कमीपणाचं वाटलं? हा प्रश्न मी इतक्या बाजूंनी फिरवून पाहिला आहे की आता त्याला कडा उरलेल्या नाहीत. मे महिन्याच्या सुट्टीत मी जात असे. पडवीत नारळ भरलेले असत. खुंट्यांवर कोयता, इरली. मिरजेला ते गेलेच नाहीत; घाई काय आहे, म्हणत. मी दर वेळी ठरवून जायचो आणि आंबे घेऊन परत यायचो. चौथ्या की पाचव्या वर्षी गुरुजी गेल्याचा आईचा सांगावा आला, आणि मग ठरवून जायलाही कुणी उरलं नाही.

अजून एक राहिलं आहे. ते टाळून संपवावं असं फार वाटतं आहे.

सुरुवातीला मी म्हटलं, ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. ते पुरतं खरं नाही. नोकरीत वर चढलो, नव्या मुलांना कुरव कसे ओळखायचे ते मी शिकवू लागलो. तेव्हा पहिल्याच दिवशी मी एक गोष्ट सांगत असे. कोकणातले एक म्हातारे शिक्षक होते, त्यांना दुर्मीळ पक्षी दिसावा अशी फार इच्छा होती, आणि इच्छा असली की डोळ्यांना हवं तेच दिसतं. पण त्यांच्याबरोबर एक तरुण होता, त्याने साहेबांच्या तोंडावर सांगितलं, मला दिसलं नाही. बोयांचा प्रसंगही मी सांगायचो. मुलं हसायची. तरुण कोण, हे मी सांगत नसे, पण त्यांना कळावं अशी सोय ठेवत असे. अशी किती वर्षं? निवृत्त होईपर्यंत. ती मुलं आज ठिकठिकाणी मोठी झाली आहेत आणि ती गोष्ट पुढच्या मुलांना सांगतात. मागे एकाने मला पत्रातून कळवलं की त्याच्याकडे ती अजून पहिल्याच दिवशी सांगितली जाते.

त्या शिक्षकाचं नाव मी कधी घेत नसे. त्यांचा मान राखतो आहे, असं मला वाटायचं.

त्यांचं नाव विश्राम गोविंद तळेकर. मालवणच्या किनाऱ्यावर त्या डिसेंबरात त्यांना एक पाय नसलेला, मान पुढे काढलेला एक कुरव दिसला. तेवढंच त्यांना दिसलं, आणि तेवढंच त्यांनी सांगितलं. डाग नव्हता, कवडी नव्हती, सगळं नीट पाहिलं — हे सांगितलं मी. मी त्या वेळी दोरी ओढत होतो.